मामांच्या गाडीचा हेडलाइट

वीज कुणाची भीड ठेवत नाही. तिला वय कळत नाही, हुद्दा कळत नाही, नातं कळत नाही. वाट पूर्ण मिळाली तर ती वाहते, नाही मिळाली तर थांबते. इतकी निःपक्षपाती गोष्ट विश्वात दुसरी नाही... हे वाक्य मी वाशीमच्या एका ज्युनिअर कॉलेजात सोळा वर्षं दर जूनमध्ये अकरावीला ऐकवतो. यंदा ऐकवताना मध्येच खोकला काढावा लागला.

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. शाळाशाळांतून ‘चमत्कारामागचं विज्ञान’ या विषयावर बोलणारा माणूस आहे मी. हळदीच्या कागदावर चुन्याचं पाणी टाकून रक्त काढून दाखवतो. इथे लिहितोय त्याचं कारण एवढंच की बायको म्हणाली, “एकदा कुठेतरी लिहून मोकळा हो. रोज जेवताना तेच नको.”

माझी सासुरवाडी रिसोडपासून नऊ किलोमीटरवर. सासऱ्यांना, म्हणजे मामांना, त्र्याहत्तरावं चालू. एक एकरात मेथी, पालक, वांगी. आदल्या संध्याकाळी जुड्या बांधायच्या आणि पहाटे पाचला गाडीवर लादून रिसोडच्या भाजीच्या हर्रासीला, म्हणजे लिलावाला, पोचायचं, हा त्यांचा नेम. गाडी माझ्या बायकोपेक्षा वयाने मोठी. दोन स्ट्रोकची, सहा व्होल्टची मोटारसायकल, आणि तिचा धूर घरच्यांना वेळ सांगतो.

पोळ्यानंतर या गाडीचं काहीतरी बिनसलं. हेडलाइट विडीच्या टोकाएवढा लाल दिसे. हॉर्न शेळीसारखा खोकायचा. बॅटरी चार्जिंग धरत नव्हती. मामा तशाच अंधारात जात राहिले. शेवटी मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, मला फोन केला.

“हे बिनलाइटीचे जाऊन राह्यले. म्या भंगारवाल्याले सांगून ठेवलं हाय. दिवाळी झाली का तो येते.”

मागून मामांचा आवाज आला. “दोन सालाआंधी बैल इकले तवा मी काई बोललो का? आता हे बी इका. मंग मले बी त्याच्याच ठेल्यावर टाका.”

मला बोलावण्यामागे तर्क असा की जावई भौतिकशास्त्र शिकवतो, तेव्हा गाडीचं भौतिकशास्त्र त्याला येणारच. आणि मी गेलो. ही माझी पहिली चूक.

दुसरी अडचण म्हणजे मी जावई होतो. जावयाने सासुरवाडीत जमिनीवर बसायचं नसतं. मला मडगार्डखालची वायर बघायची होती, तर अंगणात गादी आली, तिच्यावर धुतलेली चादर आली. पाना हातात घेतला की मामा हळहळत. “तुमी कायले हात काळे करता जवाईबापू?” दर अर्ध्या तासाला चहा. शिवाय जावई जे करेल ते बरोबरच असतं. मी उलट्या बाजूने नट पिळत असलो तरी सगळे कौतुकाने बघत.

पहिल्या रविवारी मी रेक्टिफायर बदलला. काही नाही. दुसऱ्या रविवारी मॅग्नेटमधली लाइटची कॉइल बदलली. काही नाही. तिसऱ्या रविवारी नवी बॅटरी आणली. ती रात्रीतून इतकी निपचित पडली की मामींनी तिला हात लावून पाहिला. मल्टिमीटर कुठे दोन व्होल्ट दाखवी, कुठे शून्य. मी वहीत सर्किट काढलं. ते बघून मामा म्हणाले, “वा, अक्षर काय सुंदर हाय तुमचं!”

चौथा रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी सोमवारी भंगारवाला येणार होता. दुपारी मी गादीवर डोकं धरून बसलो असताना मामी चहा ठेवून गेल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या.

“एक इचारू का जवाईबापू? राग नका मानू.”

“विचारा ना.”

“ते काळी वायर हाय नं, बोल्टाखाली दाबेल... तिच्याखाली रंग हाय. त्याच्यानं काई होत असन का?”

मी पाहिलं. गाडीच्या सांगाड्यावर हिंगुळी लाल ऑइलपेंट होता, जाड, झकास. अर्थिंगची वायर त्या रंगाच्या थरावर बसवली होती. म्हणजे परत जायची वाटच बंद. सगळं सर्किट अर्धं.

“हा रंग कधीचा?”

“पोयाचा,” मामा अभिमानाने म्हणाले. “बैलायच्या शिंगाचा डबा उरेल होता. आता बैल हाये कुठी? मंग हेलेच रंगवलं. बोल्ट खोलून, अंदरून बी मारला. झूल बी घातली होती.”

“मामी, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?”

“पयल्या रविवारपासून. डबा मीच धरला होता. पन तुमी एवढं लिहून राह्यले होते वहीत... जवायाले कसं म्हणाव?”

चार रविवार! कानशीने रंग खरवडला, वायर उघड्या लोखंडावर आवळली आणि किक मारली. हेडलाइट दणक्यात लागला. त्या आनंदात मी बॅटरी जोडायची विसरलो आणि मूठ पूर्ण पिळली. बल्ब क्षणभर पांढराशुभ्र झाला आणि उडाला. बॅटरी नसली की व्होल्टेजला आवर राहत नाही; हे मात्र भौतिकशास्त्राप्रमाणेच झालं.

असला सहा व्होल्टचा बल्ब आता रिसोडलाच, तोही एका दुकानात मिळतो. नमुना दाखवल्याशिवाय दुकानदार डब्यात हात घालत नाही. म्हणून मी जुना बल्ब काढला, रुमालात गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. रिकाम्या होल्डरमध्ये धूळ जाऊ नये म्हणून कापसाचा बोळा कोंबला आणि काच बंद केली. हे सगळं मी स्वतः, शुद्धीत, दिवसाउजेडी केलं.

सकाळी दुकान नऊला उघडणार. पण मेथी कापून झाली होती आणि मेथी नऊपर्यंत थांबत नाही. मामा पाचला निघणारच होते. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला असं एकटं सोडायचं नाही म्हणून मी मागे बसलो. दोन्ही बाजूंना मेथीचे गठ्ठे, मधे मी, आणि मामांच्या खांद्यावरून पुढे धरलेला माझा मोबाइल, टॉर्च लावलेला. विज्ञानाची अशी मिरवणूक कुणी काढली नसेल.

गाव सोडून दोनेक किलोमीटरवर नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल आहे, कठडा नसलेला. त्याच्या उतारावर मोबाइल बंद पडला. आदल्या संध्याकाळी मीच त्याचा टॉर्च लावून काम केलं होतं; चार्जिंगला लावायचा राहिला. दुसऱ्यांचं चार्जिंग दुरुस्त करणाऱ्याचं हे असं होतं.

“मामा, थांबा!”

“उतारावर कायचा थांबते जवाईबापू!”

आणि समोर उजेड पडला.

पिवळा, गोल, लांबवर. रपट्याच्या मधोमध सोयाबीनची ट्रॉली उभी होती, एक चाक काढलेलं, मागे ना लाइट ना झाडाची फांदी. मामांनी दोन्ही ब्रेक दाबले. मेथी माझ्या तोंडात आली. गाडी ट्रॉलीपासून दोन हातांवर थांबली आणि बंद पडली. उजेडही गेला.

ट्रॉलीखालून एक माणूस डोळे चोळत बाहेर आला. मोबाइल दातात धरून तो जॅक लावत होता. मोबाइल काढून पहिलं वाक्य म्हणाला ते असं. “ओ बाबा, डिप्पर तं मारा! डोयेच दिपले माहे! केवढी लाइट लावता हो?”

“जवाईबापूनं दुरुस्त केली,” मामा म्हणाले.

मी खिशात हात घातला. रुमाल होता. रुमालात बल्ब होता. त्याच्या मोबाइलच्या उजेडात मी हेडलाइटची काच उघडली. होल्डर रिकामा, कापसाचा बोळा जागच्या जागी.

आता तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. मागून गाडी आली असेल... आली नव्हती, आम्ही तिथे वीस मिनिटं चाक चढवायला हात लावला, रस्त्यावर कुत्रंही फिरकलं नाही. उजाडलं असेल... पूर्वेला पुढे अर्धा तास काही नव्हतं. त्या माणसाच्या मोबाइलचा उजेड असेल... मग त्याचे डोळे कशाने दिपले? मला भास झाला असेल, हे मला मान्य आहे. पण तो मामांना आणि एका अनोळखी ट्रॉलीवाल्याला एकाच वेळी व्हावा, याला मी वर्गात शून्य मार्क दिले असते.

दिसू लागल्यावर निघालो आणि रिसोडला मेथी गेली. नऊला दुकानदाराने माझा बल्ब उजेडाकडे धरला, “सर, हा तं उडेल हाय,” म्हणाला आणि तसाच नवा दिला.

घरी पोचलो तर अंगणात भंगारवाला तराजू लावून उभा. नवा बल्ब अजून माझ्या खिशातच. मामा गाडीची मूठ धरून उभे राहिले, सोडेनात. मामींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

“याइचं काई ऐकत नाही मी. तुमी सांगा जवाईबापू. जाताना लाइट लागली का नाही?”

जावयाच्या शब्दावर त्या घरात कुणी शंका घेत नाही. मी सोळा वर्षांची नोकरी आणि सगळी व्याख्यानं आठवली.

“लागली,” मी म्हणालो.

भंगारवाल्याला रिकामं कसं पाठवायचं, म्हणून मी चार रविवारांत काढलेला रेक्टिफायर आणि कॉइल त्याला दिली. दोन्ही चांगली होती.

त्याच दुपारी बल्ब बसवला. मीटरवर व्होल्टेज बरोबर, बॅटरी चार्ज होते, हॉर्न वाजतो. पुढच्या पोळ्याला रंग मारताना बोल्टावर चिकटपट्टी लावायचं मामींनी कबूल केलं आहे. मामा रोज पहाटे जातात. त्या उजेडाचं स्पष्टीकरण मला आजही सापडलेलं नाही.

मामांची तक्रार फक्त एवढीच आहे, की बल्ब बसवल्यापासून कमी दिसतं.