पाय खाली टेकव

सायकलची शर्यत रविवारी होती. दोन किलोमीटर राहिले होते. मी पुढे होते. आमचे प्रशिक्षक सर मोटारसायकलवरून शेजारी आले आणि म्हणाले, "थांब." मी थांबले.

खरं तर आधी मी नुसता वेग कमी केला होता. मला वाटलं, तेवढं पुरेल. सर पुन्हा जवळ आले.

"हळू नाही. थांब म्हटलं ना? पाय खाली टेकव."

मी पाय डांबरावर टेकवला. सोनईहून राहुरीकडे येणारा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. उसाचा ट्रॅक्टर कडेला लावून ड्रायव्हर शर्यत बघत उभा होता. त्याने विचारलं, "काय झालं गं ताई, पंक्चर का?" सर मागे वळून बघत होते. मीही बघत होते. मग ऋतुजा आली. खाली मान घालून, जोरात पायडल मारत माझ्या शेजारून गेली. तिच्यामागून आणखी तिघी गेल्या. मग सर म्हणाले, "हां, निघ आता."

मी पाचवी आले.

आमच्या क्लबमध्ये मी हेल्पर होते. सायकलच्या शर्यतीत पुढची वारा फोडते आणि मागची तिच्या आडोशाला राहून आपली ताकद राखते. तो वारा फोडायचं काम माझं. ऋतुजाला पाणी द्यायचं. तिचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. तीन वर्षं मी ते केलं. मला त्या कामाची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. वारा खायला मी तयारच होते, ते मला आधीपासून ठाऊक होतं.

त्या दिवशी पुढे जा, असंही सरांनीच सांगितलं होतं. घोडेगावला वळसा घालून परत फिरलं की मी एकटीने सुटायचं. बाकीच्या पोरींनी माझा पाठलाग करून दमायचं. ऋतुजाने त्यांच्या मागे आरामात बसून यायचं आणि शेवटी सगळ्यांना मागे टाकायचं. हा डाव सगळेच टाकतात. फक्त मी कुणाला सापडलेच नाही. अंतर वाढत गेलं. सापडायचं नसतं, असं नाही. हेल्परने शेवटी सापडायचंच असतं. ते माझ्याच्याने झालं नाही, इतकाच माझा गुन्हा.

ऋतुजाचे वडील साखर कारखान्याचे संचालक. क्लबही त्यांचाच, सायकली क्लबच्या. मी पाथर्डीच्या बाजूची. आईवडील दर दिवाळीनंतर ऊस तोडायला खाली येत. मी नगरला होस्टेलवर राहून शिकत होते.

बक्षीस समारंभात संचालकांनी मला स्टेजवर बोलावलं. माझ्या पाठीवर हात ठेवून माइकवर म्हणाले, "ही आमच्या ऊसतोड्यांची पोरगी. लई काटक असतात बरं का ही माणसं. ऋतुजाच्या यशात हिचाही खारीचा वाटा आहे."

टाळ्या झाल्या. मला नारळ दिला. मग फोटो. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा. आणि तेवढी सायकल धरा." मी मंडपाच्या खांबाशी ऋतुजाची सायकल धरून उभी राहिले. एका हातात नारळ होता.

आण्णा, माझे वडील, मंडपाच्या टोकाला उभे होते. त्यांची टोळी त्या वर्षी राहुरीजवळच उतरली होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी सायकल घेऊन त्यांच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, मुक्कामाला गेले होते. आण्णा बैलगाडी हाकायचे. टोळीत कुणाच्या गाडीचं चाक कुरकुरलं, आख वाजायला लागला, की त्यांनाच हाक. त्यांनी माझी सायकल उलटी करून, चाकं फिरवून बघितली. मग मागच्या ब्रेकशी थांबले.

"ह्यो ढिला हाय गं."

"असू द्या आण्णा. शर्यतीत ब्रेक कोण लावतंय?"

"याडी का काय? भरल्या गाडीला चढ मारत न्हाई, उतार मारतो." त्यांनी पक्कड आणली आणि तार ताणून ब्रेक घट्ट करून दिला. दुसऱ्या कुणी आधी वेग बघितला असता. गाडीवान आधी थांबायचं बघतो.

समारंभानंतर ते माझ्याजवळ आले. पांढरी टोपी घालून आले होते. गाडी दुसऱ्याच्या हवाली करून आले होते, म्हणून घाईत होते.

"मधीच काय झालं गं? तू तर म्होरं हुतीस म्हनं."

मी म्हणाले, "ब्रेक लागला, आण्णा."

"मागचा?"

मी "व्हय" म्हणाले.

का म्हणाले? कारण मला कुणीतरी थांब म्हटलं आणि मी थांबले, हे मला त्या माणसाला सांगता येईना. मुकादमाने ऊठ म्हटलं की उठायचं, भर म्हटलं की भरायचं, यातच ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला. माझ्या पोरीला कुणी असं म्हणू नये, एवढ्यासाठीच त्याने मला शिकवलं होतं. तोंडात सापडला तो पहिला शब्द मी बोलले. तो ब्रेकचा निघाला.

आण्णांनी एकदा सायकलीकडे बघितलं. "बरं," म्हणाले आणि गाडी भरायला निघून गेले.

त्यानंतर मी सुट्टीला घरी सायकल नेली की ते तिला हात लावत नसत. अंगणात आडवी आली तर वळसा घालून जात. मला दिसत होतं. मी विचारलं नाही. मी पुस्तक घेऊन बसत होते.

पावसाळ्यात एका दुपारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. नगरला नेताना वाटेतच गेले.

दहाव्याला टोळीतले माणिककाका आले होते. वीस हंगाम त्यांची गाडी आण्णांच्या गाडीमागे चालली. नदीवर कावळा शिवायची वाट बघत सगळे बसले होते. काका सहज बोलायला लागले.

"तुझा बाप त्या सायकलपायी लई खंगला हुता पोरी. म्हनायचा, माझ्याच हातानं पोरीची शर्यत घालवली. पुन्हा कुनाच्या गाडीचं चाक बगितलं न्हाई त्यानं. बोलावलं तरी यायचा न्हाई. म्हनायचा, माजा हात ऱ्हायला न्हाई आता."

मी तिथून उठले. पाण्यापर्यंत गेले. परत येऊन बसले. रडू आलं नाही. राग आला. आधी माझा, मग सरांचा, आणि मग त्या खारीच्या वाट्याचा. तो राग अजून आहे. मी तो घालवायचा प्रयत्न करत नाही.

त्याच संध्याकाळी आईला खरं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्याला सांगायचं हुतंस."

"सांगता आलं नाही."

"त्याला पचलं असतं. मी बी त्येच करत आले की. नवरा-बायको मिळून एक कोयता. हाक त्याच्या नावानं. मोळी डोक्यावर मी वाहते, गाडी भरली की म्हनायचं, ह्याची गाडी भरली. तुझ्या बापाला ते ठावं हुतं. रोज बगत हुता." उठता उठता ती म्हणाली, "पन मला कुनी मोळी खाली टाक म्हनलं न्हाई कधी."

हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते. राबवून घेणं वेगळं. राबता राबता तू पुढे निघालीस तर तिथेच थांब, असं म्हणणं वेगळं. पहिलं आमच्या घराने सोसलं. दुसरं मी एकटीने, आणि तेही शिकलेल्या पोरीने.

दिवाळीनंतर टोळी निघाली त्या सकाळी मी गावात होते. ट्रक भरत होता. भांडी, गोण्या, लहान पोरं वर चढवणं चाललं होतं. मी ट्रकजवळ उभी राहून मोठ्याने म्हणाले, "आण्णांचा हात चुकला नव्हता. ब्रेक चांगला होता. मला सरांनी थांबवलं, मी थांबले आणि खोटं बोलले."

माणिककाका ट्रकच्या फाळक्याला धरून उभे होते. ते म्हणाले, "आता सांगती व्हय?"

बरोबर होतं त्यांचं. मला त्याहून चांगलं उत्तर नको होतं.

मग मी ऋतुजाशी बोलले. सरावानंतर, दोघीच असताना. ती वाईट मुलगी नाही. आणि ती माझ्याहून बलवान आहे. तिच्या मांड्यांत जोर आहे, शेवटच्या धावेत मी तिला सरावात एकदाही हरवलेलं नाही. हे मी इथे लिहिते आहे, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही.

ती म्हणाली, "तू थांबली नसतीस तरी मी तुला गाठलंच असतं."

"मग गाठायचं होतंस."

तिने हेल्मेटचा पट्टा सोडला. मग म्हणाली, "मला कुणी विचारलं नव्हतं."

मला अनेकांनी समजावलं आहे. शिक्षकांनी, मैत्रिणींनी, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या माणसाने. सगळे म्हणतात, जो बलवान त्याने जिंकावं, हेल्परने मदत करावी, सांघिक खेळ असाच असतो. मान्य. माझा एकच प्रश्न आहे. ती बलवान असेल तर तिला माझ्या ब्रेकची गरज कशाला? जो खरा जोरकस आहे तो येईल आणि मला मागे टाकेल. मी रस्त्यावर असेन. मला मागे टाकायचं असेल तर टाका, पण पायाने टाका. तोंडाने नको. हेल्परला जिंकण्याचा हक्क आहे की नाही, हे ठरवायला शर्यत असते. ती चालू असताना मोटारसायकलवर बसलेल्या माणसाने ते ठरवायचं नसतं.

त्या हिवाळ्यात पुन्हा तीच शर्यत झाली. तोच रस्ता, सरांचा डावही तोच. घोडेगावपर्यंत मी ऋतुजापुढे वारा खाल्ला. जिथून सुटायला सांगितलं होतं तिथून सुटले. सोनई मागे पडली. दोन किलोमीटर राहिले आणि सर शेजारी आले.

"बास. थांब आता."

"नाही सर."

"काय?"

"नाही."

"ए, ऐकू येतं का? सायकल कुणाची आहे ती?"

दम बोलण्यात घालवायचा नव्हता. सर शेवटपर्यंत शेजारून ओरडत होते. काय ओरडत होते ते मी ऐकलं नाही.

शेवटच्या वळणानंतर मागून टायरचा आवाज आला. बघायची गरज नव्हती. ऋतुजा होती. मी होतं नव्हतं ते सगळं लावलं. ती माझ्या बरोबरीला आली, थोडा वेळ तशीच राहिली, आणि मग पुढे गेली. एका सायकलच्या अंतराने ती जिंकली.

मी हरले. पायाने हरले. रेषेपलीकडे सायकल आडवी टाकून गवतात बसले, आणि मला उमगलं की आण्णांना हे सांगता आलं असतं. "आण्णा, ती माझ्यापेक्षा जोरात आली, मी हरले." तो माणूस हसून म्हणाला असता, मग काय झालं, पुढच्या साली बगू. आदल्या वर्षी मी जिंकले असते की हरले असते, हे आता कुणालाच कळणार नाही. सरांनी माझ्याकडून नेलं ते हे. पदकाचं मला काही नाही. मला हरण्याचाही हक्क ठेवला नव्हता.

सर आले. त्यांना वाटलं मी रडते आहे. मी रडत नव्हते.

म्हणाले, "जिंकली असतीस तर एक वेळ समजलं असतं. हरायचंच होतं तर ऐकायला काय झालं होतं?"

तेव्हा मला तो माणूस पूर्ण कळला. त्याची ऋतुजा जिंकली होती. त्याचं काहीच गेलं नव्हतं. तरी तिच्याकडे न जाता तो माझ्यापुढे येऊन उभा होता. माझ्या जिंकण्याची त्याला कधीच भीती नव्हती. मी थांबले नाही, हे त्याला सोसवत नव्हतं.

सायकल तिथल्या तिथे काढून घेतली. आठवड्याने क्लबचा शिपाई होस्टेलवर कागद घेऊन आला. माफीनामा टाइप करून आणला होता. "माझ्याकडून शिस्तभंग झाला असून यापुढे मी मार्गदर्शकांच्या आज्ञेत राहीन." खाली माझं नाव, सहीला जागा.

शिपाई म्हणाला, "करून टाका ताई. सायकल लगेच मिळंल. संचालक साहेब मनानं मोठा मानूस हाय."

मी कागद दोनदा वाचला. मला वाचायची सवय आहे. मग तो परत दिला, सही न करता.

आता माझ्याकडे एका मैत्रिणीच्या भावाची जुनी सायकल आहे. जड आहे. तिच्यावर मी हरणार, बहुतेक पुष्कळ मागे राहून हरणार. यंदाच्या शर्यतीचा अर्ज मी परवा भरून दिला. संघाचं नाव लिहायच्या रकान्यात रेघ मारली आहे.