सॅम्पलकाकांची पाठ

आमचे काका कामावर कधी स्वतःचे कपडे घालत नसत. सोमवारी ते ठाण्यातल्या एखाद्या जिमचे ट्रेनर असत, बुधवारी डोंबिवलीच्या कुठल्या तरी शाळेतल्या दहावीच्या बॅचचे माजी विद्यार्थी आणि शनिवारी कुणाच्या तरी हळदीतले 'नवरीकडचे'. टी-शर्टची कुठलीही ऑर्डर असली, तरी तयार झालेला पहिला शर्ट ते धुऊन, वाळवून अंगात घालत आणि दोन दिवस तसेच हिंडत. जिथे प्रत्येकाचं वेगळं नाव छापायचं असे, तिथे त्यांच्या पाठीवर नुसतं 'नाव' असं छापलेलं असे. कल्याणपासून ठाण्यापर्यंत त्या धंद्यातले सगळे त्यांना सॅम्पलकाका म्हणत. त्यांचं आडनाव मला नोकरीला लागल्यावर तिसऱ्या महिन्यात कळलं, तेही कुरिअरवाल्याकडून.

त्यांचा कारखाना नव्हता. डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावर एक गाळा होता, त्यात एक टेबल, एक कपाट आणि शर्टांचे गठ्ठे. मशीन एकही नाही. कापड तिरुपूरहून येई, ते उल्हासनगरला कापलं जाई, एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये छपाई होई आणि शिलाई विठ्ठलवाडीला लतावहिनींकडच्या बायका करत. मधून फिरणारे काका. पूर्वी ते एका मोठ्या कारखान्यात कटिंगला होते, तो बंद पडला. "कारखाना म्हणजे काय गं, ओळखीची माणसं," ते म्हणत. "माझी जरा लांब लांब बसतात, एवढंच."

मी मुरबाडच्या शाळेत शिकलेली. वडील बाजारात हमाली करत. घरात पदवी मिळवणारी मी पहिली. बी.कॉम.चं प्रमाणपत्र लॅमिनेट करून मी काकांकडे नोकरी मागायला गेले, तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांत धरून, चष्मा वर करून, विद्यापीठाच्या शिक्क्यापर्यंत सगळं वाचलं. ते स्वतः सातवी शिकलेले. त्याआधी तीन ऑफिसांत तो कागद कुणी नीट पाहिलाही नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी मला ग्रॅज्युएट म्हणायला सुरुवात केली. त्यात टोमणा नव्हता, हे समजायला मला थोडे दिवस लागले.

ऑर्डरच्या याद्या करणं, ईमेल पाहणं ही माझी कामं होतीच. त्याशिवाय एक काम असं होतं की ते घरी सांगताना मला अवघड वाटे. काका सॅम्पल घालून बाहेर निघाले की मी त्यांच्या मागून चालायचं. गळा मागे ओढला जातो का, खालची पट्टी वाकडी दिसते का, अक्षरं घडीवर तुटतात का, ते पाहायचं. "पुढचं मी आरशात बघतो," ते म्हणाले होते. "माझी पाठ मला दिसत नाही. त्याचा पगार तुला."

कळव्याच्या मुलींच्या गोविंदा पथकाची ऑर्डर आली, तेव्हा मला वर्ष झालं होतं. पथकाचं पहिलंच वर्ष. पिवळा शर्ट, काळ्या बाह्या, छातीवर पथकाचं चिन्ह आणि पाठीवर प्रत्येकीचं नाव. त्यांना शिकवणाऱ्या सुजाताताई फोनवर म्हणाल्या होत्या की आतापर्यंत पोरी भावांचे जुने शर्ट घालून सराव करतात, हा त्यांचा स्वतःचा पहिला.

कापड दोन लॉटचं आलं. एकच रंग दोनदा उकळला की हुबेहूब तोच येत नाही, उन्नीस-बीस होतो. म्हणून कटिंगवाले एका लॉटचे पुढचे आणि मागचे भाग एकत्र बांधून वर लॉटची चिठ्ठी लावतात. मला हे माहीत नव्हतं. मी गठ्ठे घेऊन छपाईच्या शेडमध्ये गेले. नावं छापणाऱ्याला सोपं जावं म्हणून सगळे गठ्ठे सोडले, मागचे भाग माझ्या यादीप्रमाणे लावले, पुढचे वेगळे ठेवले आणि मापांच्या नव्या चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या. जुन्या चिठ्ठ्या केरात टाकल्या. कामाचा नीटनेटकेपणा हा माझा एकच भांडवलासारखा गुण होता आणि त्या दिवशी मी तो पुरेपूर वापरला.

शेडमध्ये ट्यूबलाइट, लतावहिनींकडेही ट्यूबलाइट. त्या उजेडात रंगातला फरक कुणाच्या लक्षात आला नाही. घाई होती, म्हणून या वेळी सॅम्पलही सगळ्यांबरोबरच शिवलं गेलं. काकांच्या मापाचे दोन जादा शर्ट होते, त्यातला एक घालून ते कळव्याला निघाले. रिक्षातून उतरून मैदानाकडे चालताना ऊन लख्ख पडलं होतं. मी नेहमीसारखी मागे. वळणावर ते अर्धे वळले आणि मला दिसलं, की पुढचा भाग ताज्या हळदीसारखा आहे आणि पाठ जास्त भाजलेल्या बेसनासारखी.

का झालं हे माझ्या लगेच ध्यानात आलं. दुसरं हेही ध्यानात आलं, की हे फक्त मला दिसतंय. मी गप्प राहिले तर शर्ट मुलींना मिळाले असते, चिठ्ठ्यांचं कुणाला कळलं नसतं. सांगितलं तर नोकरी जाईल असं वाटत होतं, आणि माझ्या पगारावर धाकट्या बहिणीचं बारावीचं वर्ष चाललेलं. मी एका मेडिकलच्या दुकानापासून मैदानाच्या फाटकापर्यंत काही बोलले नाही. ते अंतर मी आजही दाखवू शकते.

फाटकाशी काकांनी न वळता, नेहमीसारखं विचारलं, "पाठ कशी आहे?"

मी म्हणाले, "काका, पाठ दुसऱ्या लॉटची आहे. गठ्ठे मी सोडले."

ते थांबले. शर्ट तिथेच अंगातून काढून, बनियनवर उभे राहून त्यांनी तो उन्हात उलटापालटा करून पाहिला. मग परत घातला आणि मैदानात जाऊन सुजाताताईंपुढे एकदा तोंड, एकदा पाठ करून उभे राहिले. चूक आमच्याकडून झाली, एवढंच म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. सुजाताताईंनी पाहिलं आणि हसल्या. "काका, पहिल्या थराला पाण्याचे पाइप चालू होतात. भिजल्यावर कोण बघतंय?"

"भिजायच्या आधी फोटो निघतो, ताई," काका म्हणाले. "तो पोरींच्या घरी भिंतीवर राहणार."

हंडीला सहा दिवस होते. नवं कापड येणं शक्य नव्हतं. पण प्रत्येक मापात जितक्या फिक्या पाठींना गडद पुढचा भाग लागला होता, तितक्याच गडद पाठींना फिका. उसवून पुढचे भाग अदलाबदल केले की हिशोब जुळत होता. लतावहिनी आधी भडकल्या. ओव्हरलॉकची, कडा दोऱ्यांनी गुंफून टाकणारी शिलाई उसवणं म्हणजे शिवण्याच्या तिप्पट काम. मग त्यांनी माझ्यापुढे ब्लेड ठेवलं. "घ्या ग्रॅज्युएटबाई. कॉलेजात एवढं ऱ्हायलं होतं शिकायचं."

तीन दिवस मी आणि काका विठ्ठलवाडीच्या त्या दारात, उजेडाला बसून उसवत होतो. ते रागावले नाहीत, पण माझं कामही हलकं केलं नाही. मी एकदा माफी मागायला लागले, तर म्हणाले, "तोंडाने नको. जिथे शिवलंय तिथूनच उसव." दुसऱ्या दिवशी दुपारी, मान खाली घालूनच म्हणाले, "फाटकाशी सांगितलंस. उद्यापासून गठ्ठे तूच आणायचे." नोकरी राहिली हे मला असं कळलं.

मुलींचे शर्ट वेळेवर गेले. शेवटी जादाचे दोन राहिले, एकाचा पुढचा भाग फिका, दुसऱ्याची पाठ फिकी. मी ते उसवायला घेतले तर काकांनी हात आडवा केला. एक स्वतः ठेवला, एक मला दिला. पुढे गाळ्यात कुणी नवीन माणूस कामाला आलं, की पहिल्या दिवशी काका तो शर्ट घालून दारातल्या उन्हात उभे राहत आणि आधी तोंड, मग पाठ दाखवत. माझी गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नाही.

नंतर मी ठाण्यातल्या एका ऑनलाइन कंपनीत लागले. इथे गिऱ्हाईक स्क्रीनवर चित्र चढवतं आणि शर्ट परस्पर त्याच्या घरी जातो. मधे कुणी अंगात घालून पाहत नाही. जाताना काकांनी मला अडवलं नव्हतं, उलट नव्या ऑफिससाठी प्रमाणपत्र नवीन लॅमिनेट करून दिलं होतं. मी आता गुणवत्ता विभाग सांभाळते. दर लॉटमधला एक शर्ट खाली फाटकाबाहेर उन्हात नेते. सुरुवातीला लोक हसले, आता कुणी विचारत नाही.

मागच्या वर्षी काका गेले. मी घरी भेटायला गेले तेव्हा काकूंनी कपाटातून तो शर्ट काढून दिला, धुतलेला, घडी केलेला. कपाटात त्यांचे स्वतःचे शर्ट चारच होते. आता दोन्ही पिवळे शर्ट माझ्याकडे आहेत, दोन्हींच्या पाठीवर 'नाव' छापलेलं. पुढचे भाग बदलले की दोन बरोबर शर्ट होतील. ब्लेड घरात आहे आणि उसवायला मला आता तासही लागणार नाही. मी ते तसेच ठेवले आहेत.