हेल्परने पाहिलेला उजेड

ऐंशीच्या दशकात मी बहारीनमध्ये, मनामातल्या एका सरकारी कार्यालयात कागद छाटण्याचे काम करत होतो. त्याआधी मुंबईत एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर बातम्या छाटल्या होत्या, म्हणून ही नोकरी मिळाली. फरक एवढाच, की इथल्या बातम्या जुन्या होत्या. सत्तरच्या दशकात विमानतळावरून, पोलीस चौक्यांतून, किनाऱ्यावरच्या पहाऱ्यांवरून आलेले अहवाल: आकाशात काहीतरी दिसले, काय ते कळले नाही. ते सारे आता लोकांसाठी अभिलेखागारात जायचे होते.

काम कंटाळवाणे होते. साक्षीदाराच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि फोटोकॉपी काढायची. नावाच्या जागी त्याच्या रेसिडेंट कार्डावरचा हुद्दा टाइप करायचा. मजकूर लांब असेल तर मी तो छाटायचा. शेवटी आमचे बहारिनी साहेब निष्कर्ष लिहीत: विमान, गॅसची ज्वाला, फुगा. अगदीच काही बसले नाही, तर ‘उलगडा नाही’. दुपारपर्यंत डोळे चुरचुरत आणि सगळे उजेड सारखेच वाटू लागत.

टायपिंग करणाऱ्या बाई वसईच्या. एकदा त्यांच्या चर्चमधले एक ओळखीचे गृहस्थ कार्यालयात आले. पन्नाशी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट, नखांत ग्रीस.

“काय अंकल, अजून वर बघतच चालता काय?” बाई म्हणाल्या. “पडाल कुठेतरी.”

“आता खालीच बघतो गो बाय. नटबोल्ट वर नसतात.”

ते तुबलीतल्या एका वर्कशॉपचे स्टोअर सांभाळत. त्याआधी मुहर्रकला विमानतळावर हवामान निरीक्षक होते. शिक्षण भारतात झालेले. पण त्यांना आणले होते माणसे पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराने, आणि त्याच्याकडे व्हिसा शिल्लक होता तो हेल्परचा. इथे असे सर्रास चाले. कार्डावर हेल्पर, हातात दुर्बीण. एका संध्याकाळी त्यांनी समुद्रावर एक उजेड पाहिला आणि रीतसर अहवाल दिला. त्यानंतर विमानतळावर त्यांची थट्टा सुरू झाली. विमानतळाचे कंत्राट दुसऱ्याकडे गेले, तेव्हा त्याच कंत्राटदाराने त्यांना आपल्या वर्कशॉपमध्ये बसवले.

तो अहवाल आता आमच्याकडे होता, तोच बघायला ते आले होते. मी काढून दिला. नावावर पट्टी लागली होती. वर टाइप केले होते: हेल्पर. समासात साहेबांनी पेन्सिलीने लिहिले होते: फुगा.

अंकलनी वाचले आणि चष्मा काढला.

“फुगा मीच सोडला होता,” ते म्हणाले. “वारा बघायला सोडायचो आम्ही. अंधार पडला की खाली बारीक दिवा बांधून. तो फुगा माझ्या दुर्बिणीत होता. हा उजेड दुसरीकडे होता, वाऱ्याच्या उलट जात होता. लिहिलंय की खाली.”

लिहिले होते. आकाशाचा किती भाग ढगांनी झाकला होता, वारा कुठून होता, फुगा कुठे होता. तेवढा परिच्छेद मी छाटायला खूण करून ठेवला होता. हेल्परच्या तोंडी तो लांबण लावल्यासारखा वाटला होता.

“नाव राहू द्या झाकलेलं,” ते म्हणाले. “हुद्दा तेवढा खरा लिहा. घरी पोरगासुद्धा म्हणतो, ‘डॅडी, इट वॉज अ बलून.’”

मी साहेबांकडे जाऊन विचारले. त्यांनी फाइलमधून मान वर केली नाही.

“कार्डावर आहे ते. वेगळं हवं तर स्पॉन्सरचं पत्र आणा. खलास.”

बाहेर येऊन सांगितले तसे अंकल हसले. “पत्र देईल ना. सोबत तिकीटही देईल, वन वे.”

खोटे नव्हते. स्पॉन्सर म्हणजे तोच कंत्राटदार; हेल्परच्या व्हिसावर निरीक्षकाचे काम करवले, हे तो कागदावर कबूल करणार नव्हता. नुसते कोणी विचारले तरी त्याने आधी यांना परत पाठवले असते. मुलाचे शाळेचे शेवटचे वर्ष होते.

माझ्या हातात एकच गोष्ट होती, ती मी सांगितली. काय छाटायचे ते मी ठरवतो. फुग्याचा परिच्छेद ठेवता येईल. पण वाचणारा विचारू शकतो, की हेल्पर फुगे कसा सोडत होता.

बाईंनी टायपिंग थांबवले. “अंकल, जाऊ द्या ना. पोराचं वर्ष आहे.”

“मफी मुश्किल, काही अडचण नाही,” ते म्हणाले, पण आवाजात तसे काही नव्हते. मग त्यांनी हातातले पान टेबलावर ठेवून सरळ केले.

“हेल्पर तर हेल्पर. फुगा मी सोडला, एवढं राहू द्या.”

मी पेन्सिलीची खूण खोडरबराने पुसली. पान अख्खे पुढे गेले.

साहेबांनी ते माझ्यासमोरच वाचले. नेहमी ते पहिल्या ओळींवर थांबत. या वेळी खालपर्यंत गेले, परत वर आले, हुद्द्यावर बोट ठेवले.

“हा हेल्पर फुगे सोडायचा?”

मी पुढची फाइल त्यांच्यासमोर ठेवली.

“इंशाल्ला, हे कोणी वाचणार नाही,” ते म्हणाले. त्यांनी ‘फुगा’ खोडले, ‘उलगडा नाही’ लिहिले आणि पुढची फाइल ओढली.

रविवारी चर्चमध्ये बाईंनी अंकलना सांगितले. दुसऱ्या दिवशी मी विचारले, काय म्हणाले.

“विचारत होते, साहेबांनी शेवटपर्यंत वाचलं का.”

“मग?”

“सांगितलं, हो, वाचलं. तर म्हणाले, बरं. आणि पोराला हाक मारून म्हणाले, चल, उशीर होतोय.”