पडद्यावरच्या बाईचं बोलणं

पांढरकवड्याला टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा, तेव्हा धावजी राठोड पडद्याशेजारी माईक घेऊन उभा राहायचा. घोड्यांचे, बंदुकांचे जुने इंग्रजी पिक्चर तो लोकांना समजावून सांगायचा. इंग्रजीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं, पण त्यानं त्याचं कधी काही अडलं नाही. नायक, शिपाई, दारूवाला, सगळ्यांच्या वतीनं धावजीच बोलायचा.

धावजीच्या बंजारा तांड्यावरची मंडळी मात्र बुचकळ्यात पडायची. पडद्यावर बैलगाड्यांची रांग दिसली की टाळ्या वाजायच्या. बैलांवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरणारे त्यांचे पणजोबाच जणू चालले होते! मग टेकडीवर दुसरी माणसं यायची, तिथलीच आदिवासी. त्यांच्या बाया वेण्या घातलेल्या, गळाभर मणी ल्यालेल्या, थेट घरच्यासारख्या. त्या माणसांना काम एकच, ओरडायचं आणि गोळी खाऊन घोड्यावरून पडायचं. आता टाळ्या वाजवायच्या तरी कोणासाठी?

असल्याच एका पिक्चरमध्ये तशी एक बाई घोडा धरून ओढ्यात उभी होती. दोन्ही काठांवर बंदुका. धावजीची नवी नवरी मानीबाई घरी आल्यावर म्हणाली, "तुमी साऱ्यायचं बोलता जी. त्या बाईले तोंड नाही का?"

दुसऱ्या खेळाला धावजीनं आवाज बारीक केला आणि बाईला बोलतं केलं, "पह्यले जनावराले पाणी पिऊ द्या. मंग करा तुमच्या मारामाऱ्या!" हे मानीबाईचं रोजचं बोलणं. भांडणाऱ्या दिरांना ती अस्संच दटावायची. तंबूत शिट्ट्यांचा पाऊस पडला, आणि बायकांमध्ये बसलेली मानीबाई पदरात तोंड लपवून हसली.

मानीबाईला जाऊन आता दोन वर्षं झाली. तिचा फोटो एकच, आधार कार्डावरचा, त्यातही डोळे अर्धे मिटलेले. तरुण मानी कुठंच उरली नव्हती. धावजीला तिची फार आठवण यायची, आणि आठवण आली की ओढ्यातली ती बाई आठवायची. तशीच उभी राहायची मानी. "तो पिक्चर शोधून दे न," असं म्हणून त्यानं कॉलेजात शिकणाऱ्या नातीच्या, उज्ज्वलाच्या मागे महिनाभर टुमणं लावलं.

एका दुपारी तिनं मोबाईलवर तो शोधून काढला. धावजी चष्मा पुसून बसला. ओढा आला, बाई आली, आणि त्यानं धड पाहण्याआधीच निघूनही गेली.

"बस, एवढंच?" उज्ज्वला म्हणाली. "दादा, ते तं काही बोललीच नाही."

"ते कधीच नाही बोलली. मी बोलवत होतो तिले. मांगं घे जरा. आवाज बंद कर."

बाई पुन्हा ओढ्यात उभी राहिली. धावजीनं तोंड उघडलं. शब्द सगळे आठवत होते, पण तो बारीक आवाज काही निघेना. घशातून नुसती घरघर आली आणि बाई मुकीच निघून गेली. त्याचे डोळे भरून आले.

"काय बोलत होती ते?" नातीनं विचारलं. त्यानं सांगितलं.

"दादा, हे तं दादीचं बोलणं व्हय!"

तिनं पिक्चर पुन्हा मागे घेतला. बाई दिसताच कमरेवर हात ठेवून ती कडाडली, "पह्यले जनावराले पाणी पिऊ द्या. मंग करा तुमच्या मारामाऱ्या!" आवाज हुबेहूब आजीचा.

धावजीनं तिच्याकडं पाहिलं नाही. त्याची नजर मोबाईलवरच होती.

"अजून एक डाव लाव, बेटा," तो म्हणाला. "बोलू दे तिले."