मशीनला बंद करा

आखातात, हमरियातल्या आमच्या मसाल्याच्या युनिटमध्ये आज पाकिटांचं प्लॅस्टिक तापल्याचा वास आला आणि हे मशीन नवीन होतं तेव्हाची दुपार आठवली.

पाकीट आत अडकलं होतं आणि कोरियन मेकॅनिक त्याच्या भाषेत काहीतरी सांगत होता. आमच्या ह्यांनी खुणांवरून अंदाज बांधला. "झाकण उघडलं की मशीन बंद होतं म्हणतोय. " मग आमच्या कामगाराला म्हणाले, "यल्ला, चल रफीक, घाल हात."

"पप्पा, वेट!" कॉलेजातून आलेली रेवा ओरडली. तिचं कोरियन शिकणं म्हणजे ह्यांच्या मते फॅड. कोरियनमध्ये वाक्यातल्या कर्माला आपल्या 'ला'सारखा प्रत्यय लागतो, तो तिने 'मशीन'ला लागलेला ऐकला होता. मेकॅनिकला पुन्हा विचारून ती म्हणाली, "मशीनला आधी बंद करा म्हणतोय. आपोआप होत नाही!"

आत पातं फिरतच होतं. ह्यांनी मेकॅनिकशेजारी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

रफीक आजही आमच्याकडेच आहे. दोन्ही हातांनी पाकिटं भरतो.