पिकलेलं घर

चित्रवालीबद्दल कंपाउंडरना खरं तर फार थोडं माहीत होतं. चार-पाचदा भेट झाली, तीही कामापुरती. ती भावाकडे राहायची, मान दुखते म्हणून पाठीशी उशी घेऊन बसायची, आणि लाकडी घरांची चित्रं संगणकावर अशी काढायची की बघणाऱ्याला दार ढकलावंसं वाटे. यापलीकडे विचाराल तर पाटी कोरी.

कंपाउंडरांच्या पत्नीचे गुडघे तिसऱ्या मजल्याला कंटाळले होते. जिना नको म्हणून तिने बाहेर पडणंच सोडलं होतं, आणि कंपाउंडरना ते बघवत नव्हतं. मुलाने शहराबाहेर जागा घेतली, आईवडिलांसाठी तिथे बैठं लाकडी घर बांधायचं ठरवलं. पण तिचं एकच पालुपद: लाकडाचं घर नको. "पावसात काळं पडेल. आपण म्हातारे, त्यात घरही म्हातारं. कोण कोणाचं करणार?"

शेवटी मुलाने नेमलेल्या आर्किटेक्टने, त्याच्यासाठी घरांची चित्रं काढणाऱ्या चित्रवालीलाच घरी धाडलं. लॅपटॉप उघडण्याआधी तिने विचारलं, तुम्ही चहा किती वाजता घेता? चार वाजता, म्हटल्यावर म्हणाली, मग चित्रात ऊन चारचंच ठेवते. चित्रातल्या फळ्यांवरच्या लाकडाच्या रेषा तिने वखारीत, बागेतल्या बाकांवर, कुणाकुणाच्या दारांवर फोटो काढून जमवल्या होत्या. एका घरमालकाने तिला चोर समजून आत बसवून ठेवलं आणि मग चहा पाजून सोडलं, हेही तिने सांगितलं. पत्नी हसली, पण नन्नाचा पाढा काही सुटला नाही.

मग चित्रवालीने लॅपटॉपवर घर उघडलं आणि शेजारी बसलेल्या मुलाचा चेहरा पडला. भिंती करड्या-रुपेरी झालेल्या, पावसाच्या अंगाला गडद. पिवळेपणा उरला होता तो फक्त छपराखाली. चित्रवालीने जीभ चावली. घर पुढे कसं दिसेल ते स्वतःपुरतं बघावं म्हणून तिने चित्रातल्या लाकडाचं वय वीस वर्षांवर नेलं होतं, आणि परत खाली आणायला विसरली होती.

"अहो, हे बघून कोण हो म्हणेल?" मुलगा पुटपुटला. ती घाईने बदलायला गेली, तसा पत्नीने तिचा हात धरला.

"थांब गं. हे कुजलंय का?"

"नाही काकू. उन्हापावसाने वरचा रंग जातो. आतून घट्ट असतं."

पत्नीने चष्मा सारखा करून पाहिलं. "म्हणजे नुसतं पिकलंय. यांच्या डोक्यासारखं." मग नवऱ्याकडे बघत म्हणाली, "हे आतून घट्ट आहे म्हणतेस, तेवढा फरक."

कंपाउंडरनी केसांवरून हात फिरवला. पत्नी पुन्हा चित्राकडे वळली. मग तिने विचारलं, स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला उघडते? कंपाउंडरना कळायचं ते कळलं. जिथे राहायचं नाही त्या घराची खिडकी ती कशाला विचारील?

त्यानंतर चित्रवालीने तिला पडद्यावर खोली न् खोली फिरवून आणलं. उंबरा आला की पत्नी बसल्या जागी पाय उचलायची.

घर उभं राहिलं तोवर चित्रवाली दुसऱ्या शहरात कामाला गेली होती. पुन्हा गाठ पडली नाही. चित्र दाखवून ती निघाली त्या दिवशी कंपाउंडर तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले होते. आभार मानायचे होते. तेवढ्यात तीच म्हणाली, ओट्याची उंची तेवढी कळवा, काकूंना वाकायला लागू नये.

"तिला विचारून सांगतो."

"सांगा काका. घाई नाही."