उणे दोन

सुभानराव घोरपडे मकरपुऱ्यातल्या एका पंपांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. दांडा केसभर जाड निघाला तरी ते परत पाठवायचे, त्यामुळे कारखान्यात त्यांच्यावर फारसं कुणाचं प्रेम नव्हतं. रविवारी दुपारी मात्र नागरवाड्यातल्या त्यांच्या घरी तीन माणसं वेळेआधी येऊन बसत.

तिथे एक खेळ चाले. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, सुभानरावांनी प्रसंग सांगायचा आणि आपलं पात्र काय करतं ते ज्याने त्याने बोलायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवी. नियमांचं जाडजूड पुस्तक त्यांच्या आतेभावाने एक्क्याण्णव साली अमेरिकेतून आणलं होतं. तो ते परत नेणार म्हणून सुभानरावांनी सगळ्याची झेरॉक्स काढून घेतली. फासा त्यांनी ओळखीच्या कारागिराकडून पितळेचा करून घेतला. तो इतका जड होता की खाली पडला की फरशीचा टवका उडे, आणि त्यांच्या पत्नी अहल्याबाई स्वयंपाकघरातून विचारत, "कोण मेलं?"

खेळणारे तिघे. अकोट्याच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या निरुपमाताई, रेल्वेत तिकीटखिडकीवर बसणारे तुकोजीराव जाधव आणि नुकताच नोकरीला लागलेला उन्मेष. तुकोजीरावांचं पात्र योद्ध्याचं होतं. नियम असा होता की चिलखत जितकं भारी, तितका त्याचा आकडा लहान. तुकोजीरावांनी नऊ वर्षं झुंजून तो आकडा दहावरून उणे दोनवर आणला होता. लग्नकार्यात अनोळखी माणसालाही ते हे सांगत.

दोन हजार सालच्या दिवाळीनंतर उन्मेष नवं पुस्तक घेऊन आला. खेळ तोच, नियम बदललेले.

"काका, आता सगळं सोपं केलंय," तो म्हणाला. "चिलखताचा आकडा जितका मोठा तितकं चांगलं."

तुकोजीरावांनी शेव-उसळीची ताटली खाली ठेवली. "म्हणजे माझा उणे दोन?"

"तुमचा आता बावीस होईल."

"मला बावीस नकोय. नऊ वर्षं मी खाली येतोय, आणि आता हे म्हणतात वर जा?"

"तुकोजीराव, फरक काहीच पडत नाही," निरुपमाताई म्हणाल्या. "दोन्हीकडे वजाबाकीच आहे. मला तर बरं वाटलं. दर रविवारी तुम्हाला उणे शिकवून मी दमले."

रागावले की तुकोजीराव शहराच्या भाषेत, गुजरातीत शिरत. "तो मारे नथी रमवुं," मग मला खेळायचंच नाही, असं म्हणून ते चपला घालून निघून गेले.

सुभानरावांनी नव्या पुस्तकाला हातही लावला नाही. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "उद्या कुणी मिलिमीटरची लांबी बदलली तर मी मोजायचं काय?"

पुढचे दोन रविवार खेळ झाला नाही. तिसऱ्या रविवारी निरुपमाताईंनी तुकोजीरावांना घरून उचलून आणलं. चौघे बसले. कुठल्या नियमांनी खेळायचं हे ठरेना, तेव्हा उन्मेषने एक अडचण सांगितली.

"काका, आपला तो 'शेवटचं वाक्य' नियम नव्यात नाही. मरणाऱ्याने एक वाक्य बोलायचं आणि ते सगळ्यांना पटलं तर तो वाचतो, तो."

"बघा," तुकोजीराव म्हणाले. त्या नियमाने ते तीनदा वाचले होते. "चांगलं ते नेमकं काढून टाकलं."

"पण जुन्यातही नाही. माझ्या मित्राकडे छापील प्रत आहे, मी शोधला."

सगळे सुभानरावांकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"झेरॉक्सवाल्याने चार पानं गाळली होती," ते हळूच म्हणाले. "मरणाचीच पानं होती. पुस्तक तर परत गेलं होतं. मग मी माझ्या मनाने लिहिली. पुढे पंच्याण्णवला आतेभावाने खरी पानं पाठवली, पण त्यात माणूस सरळ मरत होता. मला ते आवडलं नाही. म्हणून सांगितलं नाही."

केसभर जाड दांडा परत पाठवणारा माणूस हे बोलत होता. निरुपमाताईंना हसू आवरेना. तुकोजीराव मात्र गंभीर होते.

"म्हणजे मी तीनदा वाचलो, ते नियमाने नाही?"

"नाही. तू बोललास चांगलं, म्हणून."

तुकोजीरावांनी उन्मेषच्या हातातून नवं पुस्तक ओढून घेतलं आणि चिलखतांचं पान काढलं. "बावीस म्हणालास ना? ढाल धरून की ढालीशिवाय?"

असं नवं पुस्तक घरात आलं. सुभानरावांची चार पानं त्याच्या पाठीमागे टाचणीने लावली. सुभानरावांना नवे आकडे काही केल्या पाठ होईनात. मग आकडेमोड निरुपमाताईंनी घेतली आणि त्यांच्याकडे फक्त सांगणं उरलं. पहिले काही दिवस त्यांना ते अपमानाचं वाटलं. नंतर एका रविवारी त्यांच्या लक्षात आलं की अख्खी दुपार आपण कागदाकडे पाहिलंच नाही. त्यांनी झेरॉक्सचा गठ्ठा माळ्यावर टाकला, मांडी ठोकून बसले आणि म्हणाले, "नदी ओलांडलीत. पलीकडे धूर दिसतोय, आणि कुणीतरी ढोल वाजवतंय. पुढे कोण जातंय?"